बापाच्या तेराव्याचं एक पान

माझ्या सख्ख्या मोठ्या काकाने माझ्या वडिलांना फसवलं. वडील मोंबासाच्या गोदीत धडधाकट काम करत होते, तेव्हा काकाने गावात सांगितलं की दामू बोटीवरून पडला आणि बुडाला. मग देह सापडला नाही म्हणून रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्यालाच अग्नी दिला, तेराव्याला सगळं गाव जेवू घातलं आणि घर-शेत एकट्याच्या नावावर करून घेतलं. काका आता नाही. पण जी लिहायला बसलो, ती हकीकत इथूनच सुरू होते.

वडील खलाशी म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. माझा जन्म मोंबासाचा. हातगाडीवर खिळे-बिजागऱ्या विकत मी स्वतःचं दुकान उभं केलं. कोणाच्या बापाला कधी एक पैसा जास्त दिला नाही. राग नाकावर, हे माझी बायकोही सांगेल. देवाधर्माचं मला फारसं नव्हतं. पण शेवटच्या आजारात वडिलांनी माझा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, "माझ्या तेराव्याला आपल्या गावचं एक तरी माणूस जेवलं पाहिजे." मोंबासात तेरावं झालं, मराठी मंडळी जेवून गेली, गावचं मात्र कोणीच नव्हतं. म्हणून अस्थींची पितळी लोटी बॅगेत ठेवून मी निघालो. नैरोबी, दुबई, मुंबई करत भिवंडीत उतरलो तेव्हा एप्रिलचं ऊन तापलं होतं. घाम तोच, माड तेच, खाडीचा खारट वास तोच. वाटलं, वडिलांनी एका किनाऱ्यावरून उठून समोरच्याच किनाऱ्यावर घर केलं होतं. बापाच्या मुलखात पोचलो होतो आणि मला ओळखणारं तिथे एक कुत्रंही नव्हतं.

खाडीकाठच्या आमच्या गावात, त्याच काकाच्या मुलाच्या, म्हणजे चुलत भावाच्या दोनमजली घरासमोर उभा राहिलो. त्याने दारातच विचारलं, "कोन तुम्ही?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या काकाचं तेरावं कवाच झालंय. मी तवा पोरगा होतो, पंगतीत वाढलंय. एका मानसाला दोनदा अग्नी देत न्हाईत." पुतळ्याची गोष्ट मला तिथे, त्या उंबऱ्याबाहेर कळली. मी वडिलांच्या पेटीतलं काकाचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. तेराव्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेलं. 'आई गेली. तू येण्याची घाई करू नकोस.' मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? भावाने बापाचं अक्षर ओळखलं, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं. त्याने पत्राची घडी घातली, परत दिली आणि दार लावलं. मी बाहेरून इतका ओरडलो की शेजारपाजारचे गोळा झाले. पण "या, पाणी घ्या" एवढंही कोणी म्हटलं नाही.

भिवंडीत, कामतघरच्या लॉजवर दोन दिवस पडून होतो. भिंतीपलीकडे कापडाच्या लूमची खटखट थांबत नव्हती. माणसांनी भरलेलं गाव, आणि मी लोटीशी बोलत होतो. तिसऱ्या दिवशी घर-शेताच्या दाव्यासाठी वकील गाठायला निघालो तर त्याचं ऑफिस बंद. एस.टी. स्टँडवर चडफडत बसलो असताना समोर वज्रेश्वरीची गाडी लागली. बोटीवर जाण्याआधी वडिलांनी तिथे देवीची ओटी भरली होती, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. लोटी घेऊन चढलो. आणि खरं सांगतो, वाटेत मी देवीशीही सौदाच केला. म्हटलं, गावचं एक माणूस दे, तुला सोन्याची नथ घालतो. नाही दिलंस तर तुझं-माझं काही नातं नाही.

देवळाच्या पायऱ्यांजवळ एक म्हातारी ओटीचं सामान घेऊन बसली होती. मी नारळ उचलला, कानाशी हलवला, भाव विचारला. तिने सांगितला तो मला पटला नाही. भांडलो. नारळ ठेवून दहा पावलं गेलो, परत आलो आणि तोच नारळ उचलून निम्मा भाव सांगितला. ही रीत माझ्या वडिलांची. मी त्यांच्याकडून शिकलो.

म्हातारी हसली नाही, रागावली नाही. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "दहा पावलं जाऊन परत आलास. कोनाचा रं तू? खाडीवरच्या दामूचा का?"

माझ्या हातातला नारळ खाली पडला. ती आमच्याच गावची, आमच्या शेजारच्या घरातली सून. मी "हो" म्हटलं.

"हाय का बापूस?"

"दोन महिने झाले. गेले."

तिने पदराने तोंड पुसलं. "म्हंजे आत्ता गेला. मंग बराबर. मी त्या तेराव्याला जेवले न्हाय. पंगतीत बसलेली, पान वाढलेलं, तशीच उठले. म्हटलं, मढं बघितलं न्हाय कुनी, जित्या मानसाचं तेरावं मी खानार न्हाय. तुज्या काकानं समद्यांसमोर सांगितलं, आजपासून हिला गावच्या पंगतीत पान न्हाय."

तेव्हापासून ना हळदीला बोलावणं, ना बारशाला. नवरा वारल्यावर ती वज्रेश्वरीला आली. चाळीस वर्षं एका बाईने माझ्या बापाला जिवंत ठेवलं होतं, आणि तिकडे आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मी तिला वडिलांची इच्छा सांगितली. ती लगेच उठली. "चल मंग. पन आधी नारळाचं पैसं दे."

तिने सांगितला होता तो भाव मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

तानसा नदीला गुडघाभर पाणी होतं. मी लोटीतल्या अस्थी पाण्यात सोडल्या. ही नदीही शेवटी त्याच समुद्राला मिळते. नंतर खानावळीत पत्रावळ मांडायला लावली. वरण-भात, तांदळाची भाकरी, वाटीभर शिरा, एवढंच होतं. म्हातारी मांडी घालून बसली, पहिला घास हातात धरून म्हणाली, "दामू, जेवते रं." आणि शेवटच्या शितापर्यंत जेवली. मी वाढत होतो आणि रडत होतो. तेराव्याची पंगत एका पानाची झाली. वडिलांनीही एकच माणूस मागितलं होतं.

भिवंडीच्या दहा गाड्यांमधून मी त्याच गाडीत का चढलो, पायऱ्यांवरच्या पंधरा दुकानांतून तिच्याच पाटीपुढे का थांबलो, याची मी चिकित्सा करत नाही. देवीला नथ घातली, पण नथ घालताना कळलं की तिने माझा सौदा ऐकलाच नव्हता. मी बोली लावायच्या कितीतरी आधी, ती म्हातारी पंगतीतून उठली त्या दिवशीच, देवीने देऊन टाकलं होतं. मला फक्त मागणं सोडून तिथवर जायचं होतं. घर-शेताचा दावा मी देवीच्या पायांशी ठेवला. वकिलाकडे परत गेलो नाही.

पण एक दावा माझा नाही, म्हणून तो सोडायचा हक्कही मला नाही. भाऊ, तू हे वाचशील किंवा कोणी तुला वाचून दाखवेल. माझ्यापुढे उभा राहू नकोस, मला तुझ्याकडून काही नको. वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर डाव्या हाताला ती म्हातारी बसते. बापाचं अक्षर तू ओळखलंस. तिच्यापुढे जाऊन बस आणि सांग, ती खरं बोलत होती, तर चाळीस वर्षं तिचं पान का मांडलं नाहीत?