कौतुकाचे अल्पाका

दोन अल्पाका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत. हे मी मोजून सांगतोय.

मी मूळचा सांगलीचा, कुवैतमध्ये फिजिओथेरपिस्ट. कुणाच्याही घरी गेलं की पडद्यांपासून लोणच्यापर्यंत दिसेल त्याचं कौतुक करायचं, हे आईने माझ्या अंगी बाणवलेलं. कौतुकाला काय पैसे पडतात! (कुवैतमध्ये पडतात.) इथल्या जुन्या वळणाच्या घरात एखाद्या वस्तूला छान म्हणालात की यजमान ती तुमच्या हातातच ठेवतो. माझे पेशंट अबू जासेम यांच्याकडून मी अशीच एक अत्तरदाणी, कॉफीची एक चोचवाली सुरई आणि एक गालिचा घरी आणला होता. म्हणून त्यांनी खैरानला, त्यांच्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा माझ्या बायकोने, सुनंदाने, गाडीतच तंबी दिली, "तिथे कश्शालाही छान म्हणायचं नाही. जेवायचं आणि गप्प बसायचं."

बसलो! मासे-भाताला नुसती मान डोलावली. झुंबराकडे तर बघितलंसुद्धा नाही. आणि मग मागच्या अंगणात, खजुराच्या झाडाखाली ते दोघं अल्पाका, म्हणजे उंटाचे बुटके, लोकरवाले भाऊबंद, दिसले. लांब मान, डोळ्यांवर झिपऱ्या आणि चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचा भाबडेपणा.

"माशाल्ला! कित्ती सुंदर!" निसटलंच तोंडातून.

सुनंदाने डोळे मिटले.

"दकतूर, ये दोनों तुम्हारा!" अबू जासेम म्हणाले. ('दकतूर' म्हणजे डॉक्टर, म्हणजे मी. जुन्या कुवैती माणसांसारखी त्यांना मोडकी हिंदी येते, आणि ती माझ्यापेक्षा बरी आहे.) नातवंडांसाठी हौसेने आणलेले हे अल्पाका. नातवंडं कंटाळून मोबाइलकडे परतली आणि हे राहिले बिचारे. "वफ्रा में मेरे भाई का खेत है, लेकिन उधर इनसे बात करने वाला कोई नहीं. तुम्हारे घर में प्यार है!"

मी "नको, नको" म्हणालो. पण माझं 'नको' पंक्तीतलं! वाढपी जिलबी घेऊन आला की आपण ताटावर आडवा हात धरतो आणि बोटं मात्र फाकवून ठेवतो, तसं. अरबांना ही कला आपल्याइतकीच ठाऊक. तीनदा नकार ऐकून अबू जासेमनी समाधानाने माझी पाठ थोपटली. "जुम्मे को गाड़ी लेके आता है."

आमच्या कन्येने, मिहिकाने, परतीच्या रस्त्याला लागायच्या आत बारसं उरकलं. साबू आणि दाणा. "बाबा, दे कॅन स्लीप इन माय रूम!"

"आणि तू कुठे झोपणार?" सुनंदाने विचारलं.

"विथ देम!"

सलव्यात, आमच्या घरी पोचल्यावर मी टेप घेऊन बिल्डिंगची लिफ्ट मोजायला लागलो. आमचा हारिस, म्हणजे राखणदार, शेजारी येऊन उभा राहिला.

"साब, फ्रिज ला रहे हो?"

"नहीं... मेहमान आ रहे हैं."

"कितने मोटे मेहमान हैं, साब?"

सांगलीहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर चौकशी केली.

"दूध देतात का?"

"नाही," सुनंदा म्हणाली.

"ओझं वाहतात?"

"जास्त झालं की बसकण मारतात म्हणे."

"आणि उन्हाळ्यात?"

"एसी लागतो."

"अगं, मग असा एक आहे की तुझ्या घरात!"

रोज क्लिनिकमध्ये अबू जासेमचा गुडघा हातात घेतला की मी ठरवायचो, आज सांगायचंच. "अबू जासेम, मुझे कुछ बोलना है..." "बोलो दकतूर!" "...वो खाते क्या हैं?" झालं! नाही म्हणावं तर एवढा प्रेमळ माणूस दुखावणार, हो म्हणावं तर घरमालक आम्हाला बाहेर काढणार. गुरुवारपर्यंत मिहिकाने आपली गादी जमिनीवर अंथरून ठेवली होती आणि मला खरोखरच रडू यायच्या बेतात होतं.

शुक्रवारी गाडी खाली उभी राहिली. अबू जासेम आधी पुरणपोळी खायला वर आले. सुनंदा हॉस्पिटलात नर्स आहे. भल्याभल्या सर्जनना सरळ करते. तिने त्यांना तुपाची धार धरून पोळी वाढली, हात धुवायला पाणी दिलं, बाल्कनीत नेलं आणि खाली गाडीतल्या त्या दोघांकडे बोट दाखवलं.

"देखो ना अबू जासेम, कितने प्यारे हैं!"

"वल्ला, बहोत सुंदर!"

"अच्छे लगे? तो आज से आपके!"

आता अबू जासेम स्वतःच्याच रिवाजाला नाही कसं म्हणणार? मग ते इतके हसले, इतके हसले, की मला त्यांचा गुडघा धरून त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. ठरलं. साबू-दाणा वफ्र्याला भावाच्या शेतावर जाणार आणि दर शुक्रवारी आम्ही त्यांच्याशी बोलायला जाणार. मिहिकाने डोळे पुसून मला तीन वेळा "प्रॉमिस?" विचारलं आणि गादी परत पलंगावर टाकली. माझ्या छातीवरून तर दोन अल्पाका उठून गेल्यासारखं वाटलं.

निघताना दारात अबू जासेम थांबले. सुनंदाला म्हणाले, "तुम्हारा दकतूर भी, माशाल्ला, बहोत अच्छा आदमी!"

"हो?" सुनंदाचे डोळे चमकले. "तो इसको भी ले जाओ!"

अबू जासेम तीनदा नको म्हणाले. बोटं अजिबात फाकवली नाहीत.