हिराजीभाऊंची पाठ

रेलिंग बसवून झालं, की हिराजीभाऊ रस्त्याकडे पाठ करायचे, रेलिंगला सगळं अंग टेकायचे आणि म्हणायचे, "आता चाय आना." कप रिकामा होईपर्यंत घरातल्या कुणाला बाल्कनीत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. "आधी मी पडन, मंग तुमी," हे वर.

माणूस घोडबंदर गावचा. वाडवडील मिठागरावर राबलेले. यांनी काशीमीऱ्याला वेल्डिंगचं दुकान टाकलं. नव्वद सालाच्या आसपास आम्ही शांती नगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा बाल्कनीचं रेलिंग हात लावला तरी हलायचं. माझी माय जन्मभर मराठवाड्यात जमिनीवरच्या घरात राहिलेली. बाल्कनीच्या दारापर्यंत यायची आणि मागे फिरायची. दिवसभर आत कोंडल्यासारखी बसून असायची, आणि तिला तसं बघून माझा जीव तुटायचा. नवं रेलिंग करून घेतलं ते तिच्यासाठीच.

काम चालू असताना मी समोरून हललो नाही. हिराजीभाऊ जोड मारायचे, हातोडीने वरचा काळा पापुद्रा उडवायचे, बोटाने चाचपायचे आणि मान हलवून पुन्हा जोड मारायचे. खालचं सिमेंट वाळल्यावर ते परत आले, पाठ टेकली, चहा मागितला.

मला नसत्या चौकशा फार. विचारलं, "भाऊ, पाठच का टेकता? हाताने हलवून बघितलं तर नाही का चालत?"

ते नुसते हसले. मग दारात बसलेल्या मायला हळूच म्हणाले, "आये, कोनाला सांगू नको. मना पन उंचावर गरगरतं. खाली बघायलाच नको, म्हनून पाठ करतो."

घ्या! मी ज्यांना छातीचे समजत होतो, ते आमच्या मायच्याच पंगतीतले निघाले. त्यांचा कप रिकामा झाला, तशी माय उठली. भिंतीला धरून उलट्या पावलांनी बाल्कनीत गेली आणि त्यांच्या शेजारी पाठ टेकून उभी राहिली. "माझा बी च्या हितंच दे," म्हणाली.

तेव्हापासून तिचा हाच शिरस्ता. शेजारीण विचारायची, "माँजी उल्टी क्यों खड़ी हैं?" माय तिच्याकडे लक्षच द्यायची नाही. हिराजीभाऊ गल्लीतून जाताना खालून हाक मारायचे, "आये, हाय का गो?" ही मागे न बघता हात हलवायची, "हाय रे बाबा."

काही वर्षांनी त्यांच्या दुकानातल्या कारागिराने येऊन सांगितलं, भाऊ गेले.  दुपारी माय नेहमीसारखी पाठमोरी बाल्कनीत गेली. मग रेलिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून हळूहळू वळली. मी धावलो, तर तिने मानेनेच थांबवलं. बराच वेळ खाली गल्लीत बघत राहिली.

"इतकी वर्षं हाक मारायचा," ती म्हणाली. "कुठं उभा राहायचा, ते दाखव मला."