नावातला शेवटचा आकडा

उत्कर्षा चऱ्होलीची. घरच्या जमिनीवर इमारत उठली, तिच्या वाट्याला एक फ्लॅट आला, त्यात ती एकटी राहते. लग्न केलं नाही, विषय संपला. लोक कारणं शोधतात, शोधोत बापडे.

चाकणच्या ज्या कंपनीत ती आहे, तिथे शीतगृहांचे कंट्रोलर बनतात. त्या चिमुकल्या डब्यात लिनक्स चालतं, पण त्याचे प्रोग्रॅम तयार होतात ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. ते तयार करणारा हत्यारांचा संच, म्हणजे टूलचेन, बांधून द्यायचं काम उत्कर्षाचं. संचाच्या नावात चिप कुठली, प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर कितव्या आवृत्तीचा, आणि शेवटी संच कितव्यांदा बांधला तो आकडा. आत काडीचाही बदल झाला की शेवटचा आकडा बदलायचा. एकाच नावाचे दोन वेगळे संच हिंडायला लागले, तर बिघाड कुठल्यातून आला हे कुणाच्या बापाला कळायचं नाही.

त्या शुक्रवारी तिने संचातल्या एका लायब्ररीतली, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यातली, बारीकशी चूक दुरुस्त करून संच पुन्हा बांधला. नवा आकडा म्हणजे कंट्रोलरच्या सगळ्या बोर्डांची चाचणी पुन्हा, आणि माल सोमवारी जायचा. सगळ्यांचे शनिवार-रविवार त्यात गेलेच. रविवारी काळेवाडीत प्राजक्ताची वास्तुशांत. शेजारच्या टेबलावरची ही प्राजक्ता. अख्ख्या ऑफिसात उत्कर्षाला जेवायला सोबत नेणारी ती एकटीच.

"मॅडम, जुनंच नाव ठेवा ना," टीमचा प्रमुख रणजीत म्हणाला. "आत डोकावायला कोण येतंय?"

"उद्या बिघडलं की तूच येशील. माझ्याकडे."

"एका आकड्यापायी सगळ्यांचं जेवण बुडवताय, राव!"

प्राजक्ता हसली नाही. "ताई, एवढं एकदाच. माझ्यासाठी."

कुणी उत्कर्षाकडे असं काही मागून वर्षं झाली होती.

"आकडा बदलणार," ती म्हणाली. "चाचण्या मी एकटी करते. तुम्ही सगळे जा."

"म्हणजे तुम्ही येणारच नाही," प्राजक्ता म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

रविवारी बोर्ड एकामागून एक पास झाले. एकही अडकला नाही. एखादा अडकला असता तर उत्कर्षाला निदान दाखवायला काही मिळालं असतं, तेही नाही. संध्याकाळी तिने नव्या आकड्याने संच कंपनीच्या सर्व्हरवर चढवला आणि फोन लावला.

"प्राजक्ता, झालं गं माझं. निघू का?"

मागे भांडी वाजत होती, रणजीत मोठ्याने हसत होता.

"आता कशाला, ताई? आवराआवर चाललीय. दमला असाल, घरी जा."

"बरं."

सोमवारी माल गेला. दुपारी प्राजक्ताने टेबलाटेबलावर लाडू ठेवले, उत्कर्षाच्याही, आणि बाकीच्यांबरोबर डबा घेऊन खाली निघून गेली. उत्कर्षाने कीबोर्ड बाजूला सारला आणि तिथेच जेवायला बसली.