नारबोदेसोबत धाडलेले संकल्प

संकल्पांच्या बाबतीत मी फार नियमित माणूस आहे. दरवर्षी तेच करतो.

मागच्या यादीवरून घरात माझं बरंच हसं झालं होतं. म्हणून या वेळी एकदम पुढच्या पाच वर्षांची यादी करताना सावधगिरी बाळगली आणि प्रत्येक संकल्पाचा एकच शब्द लिहिला : पोट, खर्रा, राग, हार्मोनियम, आई. (पोट कमी करायचं, तंबाखूचा खर्रा आणि राग सोडायचा, चौथं शिकायचं आणि आईला रामपायलीच्या राममंदिरात न्यायचं. ते शेवटी, कारण सगळ्यांत सोपं. सोपं काम काय, कधीही होतं.) यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि दार लावून टाकलं. मनाला फार बरं वाटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बालाघाटात नारबोद निघते. काटक्या-चिंध्यांची ही बाई वस्तीबाहेर नेऊन जाळतात आणि जाता जाता जो तो आपल्या घरची पीडा ओरडून तिच्यासोबत धाडतो. ती आमच्या दारासमोर आली आणि माझी कॉलेजात जाणारी लेक पिंकी यादी घेऊन बाहेर आली.

"पापा, ये तो बीमारी की लिस्ट है ना? आज सब भेज देते हैं."

मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ती ओट्यावर चढली होती.

"पोट!"

"घेऊन जा गे नारबोद!" अख्खी गल्ली गरजली.

"खर्रा!"

शेजारचे गुणवंतभाऊ तोंडातला खर्रा सांभाळत ओरडले.

"राग!"

"पिंके, उतर खाली!" मी संतापून धावलो. त्यामुळे तर गल्लीला आणखीच जोर चढला.

"हार्मोनियम!"

माझा रियाज ऐकलेल्या गल्लीनं हे डोळे मिटून, अगदी मनापासून म्हटलं.

"आई!"

"घेऊन जा गे नारबोद!"

ओघात निघून गेलं. मग सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आई दारातच उभी होती.

"काहून रे बाबू," ती हळूच म्हणाली, "मीही पीडाच होय काय?"

"नाही वो आई. तुले रामपायलीले न्यायचं होतं, ते लिवलं."

"कवा लिवलं?"

"पहिल्या यादीत."

"अन् ही कितवी?"

मी बोटांवर मोजू लागलो.

"रामपायली का विलायतेत आहे रे? लोक सकाळी जाऊन जेवाले घरी येतात."

गुणवंतभाऊंनी खर्रा थुंकला. "बोलत काय राह्यले? माही जीप उभी आहे. बसवा मायले."

दुपारी आई रामासमोर उभी होती. बराच वेळ डोळे मिटून.

"काय मांगितलं?" मी विचारलं.

"तुह्या यादीचंच."

"पुरी होऊ दे म्हणून?"

"हरपू दे म्हणून. यादीत टाकलं का तू इसरून जाते."

रामानं ऐकलं असावं. त्या दिवसापासून यादी सापडत नाही. मी नवी करायला घेतली आहे. आईचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पहिला संकल्प मात्र या वेळी पूर्ण वाक्यात लिहिलाय : जुनी यादी शोधून काढणे.