गंगारामचं धुराडं

गंगाराम चिरे लावणारा गवंडी. धामापूरच्या आसपास त्याने बांधलेली घरं लांबूनही ओळखता येतात, कारण त्यांच्या भिंतींना गिलावा नसतो. जांभा चिरा तासून घट्ट बसवायचा, मधल्या फटी भरायच्या आणि दगड उघडा ठेवायचा. कुणी गिलाव्याचं नाव काढलं की तो म्हणे, "मगे इटा लाव. माका कित्याक बोलवलंस?" अशी दोन-तीन कामं त्याने सोडलीही होती.

यंदा फेब्रुवारीत त्याच्या बायकोला, जानकीला, खोकल्याने धरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चुलीचा धूर बंद. मुंबईचा मुलगा निलेश फोनवर म्हणाला, "मे म्हयन्यात येतंय. तेवा घरात धूर दिसलो तर चूल मीच फोडतलंय." जानकी हो म्हणाली खरी, पण उकड्या तांदळाची पेज गॅसवर करायची हे तिला पटेना. चौतीस वर्षं ती त्या चुलीपुढे बसली होती. कुठल्या लाकडावर पेज किती वेळ घेते हे तिला न बघता कळायचं.

निलेशनेच मागे कधीतरी बर्फाच्या देशातल्या एका घराचा व्हिडिओ पाठवला होता. भिंतीत दगडी चूल, तिच्यावर दगडी धुराडं, समोर गालिच्यावर झोपलेलं कुत्रं. गंगारामने तो वीसेक वेळा पाहिला.

"धूर वयर जाता खरो," तो जानकीला म्हणाला, "पण तेका वडता कोण?"

"माका काय विचारतास? माझ्या तर डोळ्यांत जाता."

मग तो अगरबत्ती घेऊन फिरू लागला. खिडकीशी, कौलांच्या फटीशी, कपाटामागे अगरबत्ती धरायची आणि धूर कुठे वळतो ते बघत बसायचं. बाळा हा त्याचा शेजारी; त्याच्याही घरात शिरला.

"कामधंदो सोडून पुजारी झालंस काय रे?" बाळाने विचारलं.

"वगी रव. ता दार लाव बघूया जरा."

पंधरा दिवसांनी त्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काम काढलं. चुलीला तिन्ही बाजूंनी दगड, वर अरुंद होत जाणारा गळा, आणि तिथून भिंतीबाहेर काढून कौलांच्या वर नेलेलं वीतभर पोकळीचं धुराडं. चिरे खाणीतून निवडून आणले, पुन्हा हाताने तासले. ते धुराडं बघायला रस्त्यावरची माणसं थांबत.

पहिल्या दिवशी जानकीने नारळाची सोडणं पेटवली. धूर गळ्यापर्यंत गेला, जरा घुटमळला आणि परत खाली आला. दोघंही खोकत अंगणात आली. गंगारामने वर दोन थर वाढवले. धूर परत खाली. गळा फोडून आणखी अरुंद केला. तरी तेच. निलेश यायला आठ दिवस राहिले होते.

"ऱ्हवांदे," जानकी म्हणाली. "फोडूंदे तेका." आणि चूल पेटती ठेवूनच ती मागच्या अंगणात जाऊन बसली. गंगारामने धुराड्याच्या बुडाशी ठेवलेली अगरबत्ती तिथे जळत होती. बसल्या बसल्या तिला दिसलं की धूर सरळ वर जात नाहीये. तो धुराड्याकडे वाकून चिऱ्याच्या बारीक भोकांत शिरतोय. तिने अगरबत्ती उचलून दुसऱ्या चिऱ्याजवळ धरली. तिथेही तेच.

"अवो, हयसर येवा! तुमचो चिरो धूर गिळता!"

गंगाराम आला, वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे धुराडां वडता! पण चुलीतसून नाय, भायरसून."

"फुटक्या नळयेन शहाळां पिऊक गावता काय?" जानकी म्हणाली. "बुजवा ती भोकां."

त्याचा चेहरा पडला. वीतभर पोकळीत आतून हात खालपर्यंत पोचणार नव्हता. बुजवायची म्हणजे बाहेरून. म्हणजे गिलावा.

जानकीने घमेलं उचललं. वारुळाची माती आणली, शेण आणि भाताचा कोंडा घालून मळली. चूल ती दरवर्षी अशीच लिंपायची. मातीचं घमेलं तिने शिडीखाली ठेवलं. गंगाराम धुराड्यासमोर दोन फेऱ्या मारून आला, एका चिऱ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पातळ नको. जाड मळ."

वरपासून खालपर्यंत त्याने स्वतःच लिंपलं. बाळा कुंपणावरून बघत होता.

निलेश आला तेव्हा चुलीवर पेज रटरटत होती. तो दारात उभा राहून हुंगत राहिला, वर कौलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. तो बाहेर जाऊन धुराड्यातून निघणारा धूर बघून आला.

"बरां," एवढंच म्हणाला, आणि बॅगेतून विजेची सपाट शेगडी काढली. आईसाठी घेऊनच आला होता.

"चायेक होयत," जानकी चुलीकडे हात करून म्हणाली. "पेज हयच."

गंगारामने शेगडी दोन्ही हातांत घेतली, उलटी केली, काचेवर टिचकी मारली. "जाळ नाय, तर तापता कशी रे?"

त्याने खालचे स्क्रू चाचपले तशी जानकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली.