बाबांची थंडी आणि आमचा लॉफ्ट

बाबांनी पुन्हा परतीच्या तिकिटाचा विषय काढला तेव्हा मी सिंकमध्ये भांडी आपटली. आई गेल्यावर त्यांना नागपूरहून इकडे लीड्सला आणलं होतं, सहा महिन्यांच्या व्हिसावर, आणि अजून अर्धा काळही सरला नव्हता. तिथे एकटे असताना रात्री नुसती दूध-पोळी खाऊन झोपायचे. एकदा बाथरूममध्ये पडले, तर शेजारणीला दुपारी कळलं. निदान हिवाळा माझ्या डोळ्यांसमोर काढा, एवढंच माझं म्हणणं. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"थंडी फार वाजून राहिली न बाई. जातो मी."

थंडी ना? मग तिचाच बंदोबस्त करते, म्हटलं. मी अशीच आहे, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला दम धरवत नाही. त्यांच्या खोलीला जाड पडदे लावले, खिडकीच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या, हीटिंग दिवसभर चालू. नवरा म्हणाला, जरा बस गं. कशी बसणार? बाबा घरातही कोट घालून वावरत होते.

मग एका सकाळी कामावर जाताना सहज वर बघितलं. अख्ख्या गल्लीतली छपरं गोठलेल्या दंवाने पांढरी झाली होती आणि आमचं तेवढं काळं, ओलं. म्हणजे घरातली सगळी ऊब छपरातून वर चालली होती आणि मी खिडक्या बुजवत बसले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! भर रस्त्यात मी स्वतःला शिव्या घातल्या.

संध्याकाळी छपराखालच्या लॉफ्टमध्ये चढले. जुन्या मालकाने घातलेलं इन्सुलेशन बोटभर जाडीचं, आणि त्यावर आमचा संसार. मराठी माणसाला माळा दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडत नाही. भारतवारीच्या बॅगा, टीव्हीचं रिकामं खोकं, गणपतीचं मखर, मुलीचा पाळणा, असू दे, लागेल कधीतरी. त्या ओझ्याखाली इन्सुलेशनचा पापड झाला होता. त्यात हवा धरून राहिली तरच ते ऊब अडवतं, आणि हवा आम्हीच दाबून काढली होती. इन्सुलेशनचं काम करणाऱ्या माणसांना फोन केला, ते म्हणाले, आधी लॉफ्ट रिकामा करा.

शनिवारी सगळं खाली उतरवलं. टीव्हीच्या खोक्यावरून नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, ते मी जिंकले. बाबांना शिडी चढू दिली नाही, म्हणून ते खाली शिडी धरून उभे होते. माझ्यासाठी कशाला हा खटाटोप, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटलं, संकोच वाटतोय. बाबा आहात ना माझे, गप्प बसा, असं मी वरूनच दटावलं.

पुढच्या आठवड्यात माणसं आली आणि लॉफ्टभर जाड थर अंथरून गेली. मला काही स्वस्थता नव्हती. दर थोड्या वेळाने बाबांच्या खोलीत जायचं, भिंतीला हात लावायचा, बाहेर यायचं. रविवारी दुपारी चहा घेऊन गेले तेव्हा ते नुसत्या सदऱ्यावर बसले होते. मला असा आनंद झाला, काय सांगू.

"आता नाही ना वाजत थंडी?"

"नाही."

"मग राहाल ना?"

त्यांनी वर छताकडे बघितलं.

"थंडी होती तोवर बरं होतं बाई. तुला सांगायला काहीतरी कारण होतं."

माझा पारा चढला. इथे काय कमी आहे तुम्हाला, तिकडे एकटे पडाल, पुन्हा पडलात-झडलात तर कोण बघणार, मी सगळं एका दमात विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"एकटा तर मी इथेही असतो. तुम्ही सगळे सकाळी जाता. तिथे निदान आपल्या घरात एकटा असतो."

मी भांडणार होते. शब्द अगदी तोंडावर आले होते. त्याऐवजी फोन काढला आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसून विमानं बघायला लागले.

"खिडकीची सीट बघ," बाबा इतक्या लगबगीने म्हणाले की मला रडूच फुटलं.