आंब्यामागची टोपली

मोहोपाड्याबाहेर, कंपन्यांच्या कॉलन्या संपतात तिथं एक सार्वजनिक बाग आहे. तिथं डिस्क गोल्फ खेळतात. लोखंडी खांबाला टोपली आणि तिच्यावर लोंबत्या साखळ्या. लांबून चकती फेकायची. साखळ्यांना लागून ती टोपलीत पडली की झालं. मैदान नवख्यांसाठीच केलंय, अंतरं थोडी, चढही नाही. मी निवृत्त झाल्यावर बायकोनंच मला तिथं ओढत नेलं. "घरात बसून गंजाल वो," म्हणाली.

ती खालापूरकडच्या शेतकऱ्याघरची. चकतीला थाळी म्हणायची. फेकणं तिला फारसं जमलं नाही, पण एक टोपली जुन्या आंब्यामागे होती, फेकणाऱ्याला न दिसणारी. तिथं ती आधीच जाऊन उभी राहायची आणि ओरडून सांगायची, "लागली वो!" नाहीतर, "नाय लागली, झुडपात गेली!" कधीकधी साफ खोटं बोलायची. मी खुशीत आंब्याला वळसा घालून जावं, तर थाळी गवतात आणि ही पदर तोंडाला लावून हसतेय.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. साधा ताप वाटला होता.

दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. दुपारी म्हणाली, "बाबा, बागेत जाऊ या." माझं मन होईना. पण आईच्या शेवटच्या वेळी ती पोचू शकली नव्हती, आणि त्यानंतर एकदाही रडली नव्हती. मला नाही म्हणवेना.

ऊन लख्ख होतं. कंपन्यांचा आंबूस वास वाऱ्यावर येत होता. पहिल्या काही टोपल्या आम्ही खेळलो. मग आंब्याची आली. मी फेकली. चकती बुंध्याच्या डावीकडून वळली आणि दिसेनाशी झाली. साखळ्या वाजल्या नाहीत.

"लागली वो!"

मी मुलीकडे पाहिलं नाही. भास असेल तर तो माझा एकट्याचाच राहू दे, असं वाटलं. पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"बाबा, ऐकलं ना तुम्ही?"

आम्ही आंब्यामागे गेलो. टोपली रिकामी होती. थोड्या अंतरावर एक म्हातारा माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. "मामा, इथं आत्ता कुणी बाई होत्या का?" मुलीनं विचारलं.

"नाय गं. मगापासून मी एकलाच हाय."

चकती गवतात पडली होती. मुलगी ती उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. मग ती रडली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी, मोठ्यानं. मी शेजारी बसलो. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. माळ्यानं पाइप बंद केला आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बागेत जाऊन आली. मी चहा गाळत होतो.

"आली का हाक?"

"नाही." तिनं चपला काढल्या. "मीच बोलून आले."

काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. मी दुसऱ्या कपात चहा गाळायला लागलो, तेव्हा तिनं गाळणं माझ्या हातातून घेतलं.